हत्यारं पुन्हा पुन्हा गंजतात? तेलाच्या बाटलीआधी जागा तपासा

तक्रार नेहमीचीच आहे. नवी पटाशी आणली, काही आठवड्यांत तिच्यावर तांबूस ठिपके आले. पॉलिश पेपर मारला, तेलाचा हात फिरवला, पटाशी पुन्हा चकचकीत झाली. थोड्या दिवसांनी बघावं तर त्याच जागी तेच ठिपके. मग दुकानदाराच्या नावाने बोटं मोडायची, "माल हलका लागला" म्हणायचं आणि पुढच्या वेळी महागातलं घ्यायचं. ते महागातलंही गंजतं.

सोलापुरात राहून ही तक्रार केली की समोरचा हसतो. इथे कुठला आलाय एवढा दमटपणा? जिल्हा पर्जन्यछायेतला, एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या पार. पण गंज चढायला पाऊस लागत नाही. पोलादावर डोळ्यांना न दिसणारा ओलाव्याचा थर बसला तरी पुरतं. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की गंजण्याचा वेग झपाट्याने वाढतो. आणि पोलादावर घामाचं मीठ किंवा धूळ असेल, तर ६० टक्क्यांपर्यंतही थांबावं लागत नाही. पावसाळ्यात आपली हवा हा आकडा सहज ओलांडते. त्यात सप्टेंबर हा इथला सगळ्यात जास्त पावसाचा महिना, म्हणजे इतरत्र लोक छत्र्या गुंडाळायला लागतात तेव्हा आपल्याकडे ओल मुरत असते.

यंदा मी घेतलेल्या वस्तूंवरून सांगतो, म्हणजे नेमकं काय कुठे गंजतं ते कळेल. ६, १२, १८ आणि २५ मिलिमीटरच्या चार पटाश्या, पाच नंबरचा लोखंडी रंधा, काटकोन तपासायचा एक गुण्या, रिंग पान्ह्यांचा संच, दोन कानशी आणि भंगारातून उचललेला चार इंची शेगडा, म्हणजे बाकाला बसवायचा व्हाइस. (शेगडा जुनाच घ्या. जबडे मिटल्यावर दोन्ही टोकांना सारखे टेकतात का आणि स्क्रूचे आटे खाल्लेत का, एवढंच बघा. बाकी रंग उडालेला असला तरी काही बिघडत नाही.) सगळं एकाच शेडमध्ये ठेवलं. पान्हे जसेच्या तसे राहिले, पटाश्या आणि रंध्याचा तळ गंजला. याचा अर्थ पटाशीचा माल वाईट असा होत नाही. पान्ह्यांवर निकेल-क्रोमचा मुलामा असतो. पटाशी असते उघड्या कार्बन पोलादाची आणि रंध्याचं अंग बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं. धार टिकायची तर पोलाद तसंच लागतं, आणि ते गंजणारच. कारखान्यातून निघताना त्यावर तेलाचा किंवा लॅकरचा पातळ थर असतो. तो वापरात निघून गेला की पुढचं सगळं तुमच्या शेडवर अवलंबून असतं.

आमच्या ओळखीचे एक जॉबर आहेत, अक्कलकोट रोडच्या बाजूला यंत्रमागांची दुरुस्ती करतात. त्यांनी माझं तेल-पुराण ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तेल लावून लावून काय हुतंय ओ, जागा बदला की आधी." माझ्या मते या विषयावरचा सगळ्यात कामाचा सल्ला हाच. मागाच्या खात्यात सूत तुटू नये म्हणून हवेत मुद्दाम ओलावा राखतात, त्यामुळे जॉबरच्या पेटीइतकी गंजाची परीक्षा कुणाचीच होत नाही. त्यांच्या पक्कडी मात्र स्वच्छ.

डाग कुठे आहे ते बघा

गंज पुसण्याआधी त्याचा फोटो काढा. कुठल्या बाजूला आहे, कुठल्या आकाराचा आहे, यावरून अर्धं निदान होतं.

ठिपके बोटांच्या ठशासारखे असतील, म्हणजे पकडायच्या जागीच असतील, तर कारण घाम. मे महिन्यात काम करून हत्यार तसंच टांगलं की घामातलं मीठ पोलादावर राहतं. उन्हाळाभर काही दिसत नाही, कारण हवा कोरडी असते. जूनमध्ये पहिला दमटपणा आला की ते मीठ हवेतलं पाणी ओढतं आणि ठसे उमटतात. त्यामुळे लोकांना वाटतं पावसाने गंज आला. बी मात्र मे महिन्यात पेरलेलं असतं. उपाय सोपा आहे, काम संपल्यावर कोरड्या कापडाने पुसायचं आणि मग तेलाचं बोट फिरवायचं. पुसण्याआधीच तेल लावलं तर मीठ तेलाखाली अडकून राहतं.

गंज फक्त खालच्या अंगाला असेल, वरचं अंग स्वच्छ असेल, तर हत्यार ज्यावर ठेवलंय ती वस्तू ओल धरते आहे. ड्रॉवरमध्ये अंथरलेला फोम, पायपुसण्याचा तुकडा, वर्तमानपत्र, कच्चं लाकूड. फोम तर फसवाच. त्यात पटाशीच्या आकाराचे खाचे कापले की दिसतं झकास, पण हत्याराला तो चारही बाजूंनी बिलगून बसतो आणि आत शिरलेली ओल बाहेर पडायला वाट राहत नाही.

डाग लालसर नसून निळसर काळा असेल तर लाकडाकडे बघा. बाभळीत टॅनिन भरपूर, तिची साल कातडं कमवायला वापरतात ती त्यासाठीच. ओलसर बाभळीच्या फळीत किंवा ठोकळ्यात पोलाद टेकून राहिलं की असा काळा डाग पडतो. स्टँड करायला बाभूळ घ्यायचीच असेल तर वर्षभर वाळलेली घ्या आणि पॉलिश मारून मगच वापरा. ताज्या कापलेल्या प्लायवूडच्या किंवा एमडीएफच्या बंद कपाटातही आम्ल वाफा साठतात. नवं कपाट केलं तर काही आठवडे दारं उघडी ठेवा.

ठिपके फक्त वरच्या बाजूला, शिंतोडे उडाल्यासारखे असतील तर मान वर करा. पत्रा गळत नसला तरी तो रात्री आकाशाकडे उष्णता फेकून हवेपेक्षाही थंड होतो आणि त्याच्या खालच्या अंगाला दव धरतं. तेच थेंब खाली पडतात. पावसाळ्यानंतर, ऑक्टोबरात आभाळ मोकळं झालं की हे जास्त दिसतं.

आणि शेडमधलं उघडं पोलाद सगळंच्या सगळं, अगदी खिळ्यांच्या पुड्यासकट, एक-दोन रात्रींत केशरी झालं असेल तर हवामानाला दोष देऊ नका. आत कुठेतरी रसायनाची बाटली उघडी आहे.

ती बाटली, तो डबा, ते पोतं

संडास-बाथरूम धुवायचं अ‍ॅसिड बहुतेक घरांत हत्यारांच्या कपाटाखालीच सापडतं, कारण "मुलांचा हात पोचू नये" ही एकच जागा सगळ्यांना सुचते. हे हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड. त्याच्या वाफा झाकण घट्ट लावलं तरी थोड्याफार निसटतात आणि बंद शेडमधल्या प्रत्येक लोखंडी वस्तूवर जाऊन बसतात. तेल लावलेलं असलं तरी फार काळ वाचत नाही. बाटली शेडमधून बाहेर काढा. दुसऱ्या कोपऱ्यात सरकवून भागणार नाही.

पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर त्याच जातीची. आपल्याकडे नळाला पाणी काही दिवसांआड, त्यामुळे टाकी आणि पिंप घरोघरी, आणि पिंपासोबत पावडरीची पुडीही. तिच्यातून निघणारा क्लोरीन पोलादाला सोडत नाही. शेती असलेल्यांच्या शेडमध्ये खताची पोती असतात, ती ओल ओढतात आणि त्यांची धूळ क्षार घेऊन सगळीकडे बसते. इन्व्हर्टरची पाणी घालायची बॅटरी चार्ज होताना आम्लाचा बारीक तुषार सोडते, तीही हत्यारांच्या खोलीत नको.

पाण्याचं पिंप हा सगळ्यात निरुपद्रवी दिसणारा भागीदार. झाकण नसलेलं भरलेलं पिंप छोट्या बंद खोलीत ठेवलं की ती खोली कायम दमट. घट्ट झाकण बसवा, नाहीतर पिंप आणि हत्यारं यांपैकी एकाला दुसऱ्या खोलीत पाठवा.

उन्हाळ्यात गंज येत असेल तर

एप्रिल-मेमध्ये, बाहेरची हवा पापडासारखी कडक असताना हत्यारं गंजत असतील तर पहिला संशय कूलरवर. कूलर हवा थंड करतो ती पाणी मिसळूनच. बंद खोलीत दुपारभर चालवला की आतली आर्द्रता पावसाळ्याइतकी चढते. त्यात बोअरचं जड पाणी वापरलं तर गवताच्या पॅडमधून उडणाऱ्या बारीक थेंबांबरोबर क्षारही येतात. कूलरच्या तोंडासमोरच्या भिंतीवर पांढरट पूड दिसते ती तीच. काम करताना गार वारा हवा हे कबूल, मे महिन्यात पत्र्याखाली रंधा मारायला सांगणाऱ्यानेच तो मारावा. पण कूलरच्या समोरची खिडकी उघडी ठेवा, हत्यारं त्याच्या झोतात टांगू नका, आणि काम संपल्यावर पाण्याचा पंप बंद करून थोडा वेळ नुसता पंखा चालवा, म्हणजे पॅड कोरडं होतं आणि खोलीही.

थंड लोखंड, दमट सकाळ

शेगडा, ऐरण, रंधा अशा जड वस्तू रात्री थंड होतात आणि सकाळी लवकर तापत नाहीत. हवा २८ अंश आणि आर्द्रता ८० टक्के असेल तर तिचा दवबिंदू साधारण २४ अंश येतो. म्हणजे शेगडा २४ च्या खाली असेल तर त्यावर अक्षरशः दव पडणार, शेड कितीही पक्की असू दे. ऑगस्ट-सप्टेंबरच्या सकाळी उठल्याबरोबर "हवा खेळू द्या" म्हणून शेडचं शटर सताड उघडलं की नेमकं हेच होतं. हवा खेळवायची ती दुपारी, ऊन पडून बाहेरची हवा तापल्यावर. सकाळी शटर बंद राहू द्या आणि लोखंडाला हळूहळू तापू द्या.

जड यंत्रांवर प्लास्टिकचा कागद झाकू नका, आत ओल अडकते. जुनी सोलापुरी चादर झाका. जाड सुती कापडातून हवा हळू जाते, दमट झुळूक थेट लोखंडावर येत नाही आणि पत्र्यावरून टपकणारा थेंब कापड पिऊन टाकतं. चादर ओली लागली की वाळत घाला, एवढं मात्र पाळायचं.

ओल जमिनीतून येते की हवेतून, याची परीक्षा बिनखर्चाची आहे. प्लास्टिकचा हातभर तुकडा फरशीवर चारही कडांनी चिकटपट्टीने बंद करा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी तुकड्याच्या खालच्या अंगाला पाणी असेल तर ओल जमिनीतून चढते आहे. वरच्या अंगाला असेल तर हवेतलं दव. जुन्या घरांत शहाबादी फरशी थेट मुरुमावर बसवलेली असते, खाली काळी माती, आणि काळी माती पाणी धरून ठेवण्यात पटाईत. अशा शेडमध्ये खालचा कप्पा हत्यारांसाठी नाहीच असं समजा. पेटी विटांवर किंवा लोखंडी स्टँडवर किमान वीतभर उचला. हीच परीक्षा भिंतीवरही करता येते, विशेषतः भिंतीपलीकडे बाथरूम असेल तर.

आर्द्रता मोजायचं छोटं डिजिटल मीटर काही शे रुपयांत मिळतं. नव्या पटाशीआधी ते घ्या. दोन-चार टक्के इकडेतिकडे दाखवेल, पण कपाटाच्या आत आणि बाहेर फरक किती आहे हे समजायला पुरे.

कशात गुंडाळता?

सोलापूरकरांची खास अडचण ही आहे. आपल्याकडे मागावरच्या चिंध्या आणि सुताचं वेस्ट फुकट किंवा मातीमोल मिळतं, त्यामुळे हत्यार पुसायला, गुंडाळायला, पेटीत भरायला तेच. पुसायला उत्तम. गुंडाळून ठेवायला वाईट. कापूस मुळातच हवेतली ओल शोषतो. शिवाय सूत रंगवताना मीठ वापरतात. नीट न धुतलेल्या रंगीत सुतात ते उरलेलं असू शकतं, आणि मीठ पोलादाला काय करतं ते वर आलंच आहे. खळ लावलेलं सूतही ओल धरतं. टॉवेलच्या कापडाचंही तसंच. ते बनवलेलंच पाणी शोषायला. हत्यार गुंडाळायचंच असेल तर धुऊन वाळवलेलं कापड मशीनच्या तेलात किंचित भिजवून पिळा आणि त्यात गुंडाळा. कोरडं कापड ओल पितं, तेलकट कापड तिला अडवतं.

चामड्याच्या म्यानाबद्दल थोडक्यात: वापरताना धार झाकायला छान, साठवायला नको. चामडं कमवताना वापरलेली रसायनं आणि शोषलेली ओल दोन्ही पात्याला लागतात.

सगळ्यात चांगलं वेष्टन म्हणजे व्हीसीआय प्लास्टिक किंवा कागद. यंत्रांचे सुटे भाग लांबच्या प्रवासाला पाठवताना ज्यात बांधतात ते. त्यातून निघणारी वाफ पोलादावर अतिशय पातळ संरक्षक थर धरते. पिशवी बंद असेपर्यंतच त्याचा उपयोग; उघड्या ड्रॉवरमध्ये एक चिटोरा टाकून काही होत नाही. एमआयडीसीत कुणी ओळखीचं असेल तर विचारून बघा, बेअरिंग किंवा गिअर ज्यात येतात तो कागद फेकून देतात.

तेल कोणतं

करडईचं तेल नको. आपल्याकडे पुष्कळ घरांत ते असतं आणि हाताशी म्हणून तेच लागतं. पण करडई हे वाळणारं तेल, हवेतला ऑक्सिजन घेऊन ते चिकट होतं आणि शेवटी वॉर्निशसारखं पिवळट कवच धरतं. पक्कड जाम होते ती यामुळे. जवसाचंही तसंच. खोबरेल तेल वाळत नाही, पण थंडीत गोठतं आणि खवट झालं की त्यात मोकळी आम्लं तयार होतात.

शिलाई मशीनचं तेल घ्या. खनिज तेल आहे, पातळ आहे, स्वस्त आहे. रोजच्या हत्यारांना तेच. महिनोन्‌महिने न लागणाऱ्या हत्यारांना व्हॅसलीनचा किंवा पांढऱ्या ग्रीसचा पातळ थर. रंध्याच्या तळाला आणि करवतीच्या पात्याला तेलाऐवजी मेणबत्ती घासा. लाकडावर तेलाचे डाग पडत नाहीत, रंधा सरकतोही हलका. डब्ल्यूडी-४० चा फवारा पाणी हाकलायला आणि जाम झालेलं सोडवायला आहे, मूळ काम तेच; त्याचा थर पातळ असतो आणि लवकर उडून जातो. फवारा मारून, पुसून, वर मशीनचं तेल लावलं तर बरोबर. नुसता फवारा मारून पेटी बंद केली तर पावसाळा निघत नाही.

कानशीला तेल लावायचं की नाही यावर दोन तट आहेत. मी अगदी पुसट लावतो आणि वापरण्याआधी दातांवर खडू घासतो. खडू तेल पितो आणि दातांत कीसही अडकत नाही.

कुठे ठेवायचं

माझी आवडती सोय म्हणजे धान्याची पत्र्याची कोठी. ज्वारी ठेवायची, घट्ट झाकणाची. घरोघरी एखादी रिकामी पडलेली असते, कारण आता वर्षाची ज्वारी एकदम भरणारे कमी झाले. छोटी कोठी आडवी करून आत लाकडी पट्ट्यांच्या दोन खणी केल्या, झाकणाच्या कडेला दाराला लावायची रबरी पट्टी चिकटवली की जवळजवळ हवाबंद कपाट तयार. कोपरे आणि सांधे सिलिकॉनने बुजवा. आधी मात्र कोठी आतून धुऊन उन्हात खडखडीत वाळवा. धान्यात टाकलेल्या औषधाचा अंश आत राहायला नको. रोज न लागणारी हत्यारं यात: गिरमिटं, मापाची साधनं, जादा पाती.

अशा बंद जागेत सिलिका जेल काम करतं. उघड्या कपाटात ते काही तासांत हवेतली ओल पिऊन बसतं आणि मग नुसतं वजन. रंग बदलणारं जेल घ्या, म्हणजे कधी भरलं ते दिसतं. निळं-गुलाबी होणाऱ्या जेलमध्ये कोबाल्ट असतं, ते मुलांपासून लांब ठेवा. नारिंगी-हिरवं मिळालं तर ते बरं. भरलेलं जेल साधारण ११० ते १२० अंशांवर तापवलं की पुन्हा कामाला येतं. जेवणाच्या भांड्यात तापवू नका.

कापराची वडी पेटीत ठेवणं ही जुनी पद्धत, पुष्कळ कारागीर ठेवतात. वास छान येतो. मी ठेवतो, पण त्याच्या भरवशावर सिलिका जेल काढून टाकत नाही.

कपाट हवाबंद करता येत नसेल तर उलट वाट धरा, आत थोडी ऊब ठेवा. २५ अंशांवर ८० टक्के आर्द्रता असलेली हवा ३० अंशांपर्यंत तापवली की तिची आर्द्रता ६० टक्क्यांवर येते, पाणी तेवढंच असूनही. एवढी ऊब द्यायला जुना झीरोचा बल्ब पुरतो. नावाला झीरो, प्रत्यक्षात १२ ते १५ वॅट खातो आणि त्यातली बहुतेक उष्णताच होते. एलईडीचा झीरो इथे निरुपयोगी, तो गरमच होत नाही. बल्ब कपाटाच्या तळाशी, चिनी मातीच्या होल्डरमध्ये, जाळीच्या आत. तेलकट चिंध्या आणि फवाऱ्याचे डबे त्याच कपाटात ठेवायचे नाहीत. वायरिंग जुनं असेल तर हा उद्योग करू नका.

रोजची हत्यारं भिंतीवर. पण भिंतीला चिकटून नव्हे. १२ मिलिमीटरचा प्लाय घ्या, मागे इंचभर जाडीच्या उभ्या पट्ट्या ठोका आणि मग भिंतीवर बसवा, म्हणजे मागून हवा जाते. त्यावर टांगण्यासाठी माझ्या अनुभवात सगळ्यात सोयीची रचना म्हणजे ४५ अंशांत चिरलेली पट्टी: अर्धी पट्टी बोर्डावर आडवी, धार वर, उरलेली अर्धी हत्याराच्या स्टँडच्या पाठीला, धार खाली, म्हणजे दोन्ही एकमेकींत अडकतात. स्टँड उचलून कुठेही सरकवता येतो. नवं हत्यार आलं की सगळी भिंत पुन्हा मांडावी लागत नाही, आणि नवं हत्यार येणार हे घरच्यांना माहीतच असतं.

पटाश्यांना फळीत खाचे पाडा आणि त्या मुठीवर लटकू द्या, पातं हवेत मोकळं. कानशी एकमेकींना घासल्या की बोथट होतात, त्यांना पीव्हीसी पाइपचे तुकडे जवळजवळ चिकटवून वेगवेगळी घरं करा. चुंबकाची पट्टी स्क्रूड्रायव्हरला ठीक. पटाशीला नको, पातं चुंबकित होतं आणि दगडावर धार लावताना लोखंडाचा कीस त्यालाच चिकटतो.

आधी चढलेला गंज

हलका असेल तर बारीक पॉलिश पेपर आणि मशीनचं तेल, बस. जास्त असेल तर लिंबूफूल, म्हणजे किराणा दुकानातलं सायट्रिक अ‍ॅसिड: एक लिटर पाण्यात ५० ग्रॅम. काही तास भिजवा, मधूनमधून जुन्या टूथब्रशने घासा, रात्रभर विसरू नका. मग धुवा, खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवा, लगेच कोरडं करा आणि त्याच क्षणी तेल लावा; नुकतं उघडं पडलेलं पोलाद बघता बघता पुन्हा तांबूस होतं. मुलामा दिलेले पान्हे यात टाकू नका, आणि जस्ताचा मुलामा तर विरघळूनच जाईल. संडासच्या अ‍ॅसिडने गंज काढायचा सल्ला कुणी दिला तर ऐकून सोडून द्या. ते कडक केलेल्या पोलादाला ठिसूळ करू शकतं.

याच दुखण्याची उन्हाळी बाजू

पावसाळ्यात गंज आणि उन्हाळ्यात हातोडीचा दांडा ढिला, ही एकाच दुखण्याची दोन टोकं. दमट हवेत लाकूड फुगतं, कोरड्या हवेत आकसतं. आपल्याकडचा फरक मोठा, म्हणून मे महिन्यात डोकं हलायला लागतं. यावर सर्रास केला जाणारा उपाय म्हणजे हातोडी रात्रभर बादलीत बुडवून ठेवणं. सकाळी घट्ट होते. पण फुगलेलं लाकूड लोखंडी भोकात दाबलं जाऊन त्याचे तंतू चेपतात, आणि वाळल्यावर ते आधीपेक्षा बारीक होतं. शिवाय भोक आतून गंजतं, ते दिसतही नाही. पुढच्या वर्षी जास्त ढिली, पुन्हा बादली.

त्याऐवजी दांड्याचं खालचं टोक लाकडी ठोकळ्यावर सरळ आपटा, डोकं जडपणामुळे आपोआप खाली बसतं. मग पाचर ठोका. लाकडी पाचर आधीच असेल तर तिला तिरकी एक छोटी लोखंडी पाचर. नवा दांडा बसवायचा तर एप्रिल-मेमध्येच बसवा. लाकूड सगळ्यात आकसलेलं असताना घट्ट बसवलेला दांडा पावसाळ्यात आणखी घट्ट होतो. पावसाळ्यात बसवलेला दांडा हमखास उन्हाळ्यात हलतो. वरच्या कापलेल्या टोकाला जवसाचं तेल दोन-तीन वेळा पाजा, ओल आत-बाहेर जाण्याचा वेग कमी होतो. तेल लावलेली चिंधी मात्र चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं आणि चिंध्यांचा गोळा आपोआप पेटू शकतो. ती दोरीवर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवा.

एवढं करूनही गंजत असेल तर

मग साक्षीदार ठेवा. एक्सा ब्लेडचे तुकडे करा, रंग काढून पॉलिश पेपरने चकचकीत घासा, लिंबूफुलाने नव्हे. हात न लावता, कापडाने धरून एक कोठीत, एक भिंतीच्या बोर्डावर, एक खालच्या कप्प्यात, एक खिडकीपाशी ठेवा, बिनतेलाचे. प्रत्येकाशेजारी कागदावर तारीख. आठवड्याभराने चारही शेजारी शेजारी मांडले की कोणती जागा वाईट आहे यावर वाद उरत नाही. बोर्डावरचा स्वच्छ आणि कोठीतला गंजलेला निघाला तर कोठीच्या आतच काहीतरी आहे: न वाळलेलं लाकूड, भरलेलं सिलिका जेल, नाहीतर औषधाचा अंश. चारही सारखेच केशरी असतील तर अ‍ॅसिडची बाटली अजून शेडमध्येच आहे.

हा प्रयोग पितृपंधरवड्यात लावावा, कारण इथल्या पावसाचा जोर त्याच सुमाराला असतो आणि पुढे खंडेनवमीला सगळी हत्यारं बाहेर निघणारच असतात. पूजेबद्दल एकच विनंती. ओलं हळदकुंकू आणि झेंडूच्या पाकळ्या पटाशीच्या पात्यावर रात्रभर राहिल्या की दसऱ्याच्या सकाळी तिथे नेमका गंजाचा टिळा उमटलेला असतो. हळदकुंकू मुठीला वाहा, पातं तेलाचं बोट फिरवून ठेवा, आणि दसऱ्याला सोनं वाटून घरी आलात की आधी हत्यारं पुसून जागेवर लावा.